हँडलवरचे ठिपके

मागच्या वर्षी जुलैमध्ये भोरहून परतताना एका वळणावर माझी मोटारसायकल आडवी झाली. भातखाचरात चिखलणी करून बाहेर पडलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर चिखलाचे दोन पट्टे उमटवून ठेवले होते. त्यांवरून पुढचे चाक सरकले आणि गाडी डाव्या अंगावर पडून वावभर घसरत गेली. वेग वीस-पंचवीसच्या वर नव्हता, त्यामुळे कोपर खरचटण्यापलीकडे मला काही झाले नाही. परंतु हँडलचे डावे टोक मागे, म्हणजे माझ्याच दिशेने, वाकले. वाटेतल्या एका गॅरेजवाल्याने त्या टोकावर लोखंडी नळी चढवून, पुढच्या चाकाला गुडघा लावून, जोर करून ते सरळ करून दिले आणि मी घरी आलो. पुढचे चार महिने मी गाडी तशीच चालवली.

गाडी २०११ सालची, दीडशे सीसीची, कार्ब्युरेटर असलेली होंडा आहे. पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक. त्या चार महिन्यांत वेग साठच्या पुढे गेला की डाव्या मुठीतून मुंग्या आल्यासारखी थरथर हाताला जाणवे आणि सरळ रस्त्यावरसुद्धा आपण किंचित डावीकडे वळून बसलो आहोत असे वाटत राही. डावा खांदा दुखू लागला होता, पण ते दुखणे मी वयाच्या नावावर खपवले होते. दापोडीच्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेतून निवृत्त झालेले आमच्या शेजारचे अण्णा एकदा गाडीजवळ उभे राहून बोलत असताना सहज हँडलवरून बोट फिरवत होते. डाव्या बाकाशी त्यांचे बोट थांबले. ‘‘याला कुणीतरी ओढलंय,’’ ते म्हणाले, ‘‘हा पाइप ठेवू नकोस.’’

मी वाकून पाहिले तेव्हा बाकाच्या आतल्या बाजूला क्रोमला केसासारख्या भेगा गेल्या होत्या आणि त्यांतून गंजाची तपकिरी रेघ दिसत होती. पोलादी नळी थंड असताना वाकली की वाकलेल्या जागी तिचा धातू अधिक कठीण आणि त्या प्रमाणात ठिसूळ होतो. तीच जागा पुन्हा उलट दिशेने वाकवली की उरलीसुरली लवचीकताही जाते. असा पाइप मोडायचा झालाच, तर तो गाडी उभी असताना मोडणार नाही. जोरात ब्रेक दाबल्यावर अंगाचा सगळा भार मनगटांवर येतो तेव्हा मोडेल. हे कळल्यानंतर गाडी पुन्हा बाहेर काढण्याची हिंमत झाली नाही.

तरीही पडलेल्या गाडीचे हँडल वाकडे दिसते म्हणजे पाइपच वाकलेला असतो असे नाही. पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचे दोन दांडे ज्या पकडींत आवळलेले असतात त्या पकडींत ते पिळले गेले, तरी चाक एकीकडे आणि हँडल दुसरीकडे तोंड करून राहते, आणि अशा वेळी नवा पाइप आणूनही काही उपयोग होत नाही. म्हणून मी गाडी मधल्या स्टँडवर उभी केली, पुढचे चाक डोळ्यांनी नीट रेषेत आणले आणि सीटच्या मधल्या शिवणीपासून हँडलच्या दोन्ही टोकांपर्यंतचे अंतर शिंप्याच्या टेपने मोजले. डावीकडचे अंतर २३ मिलिमीटरने कमी भरले. त्यानंतर मी पकडींतून वर आलेल्या दोन्ही दांड्यांच्या माथ्यांवर एक सरळ पट्टी टेकवली आणि तिची दिशा पुढच्या चाकाच्या आसाशी ताडून पाहिली. ती समांतर होती. दोष पाइपातच होता.

हे काम घरी करण्याचे कारण पैशांची बचत हे नव्हते. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी मी मुठी बदलून घेतल्या होत्या आणि तिथल्या पोराने त्या चटकन सरकाव्यात म्हणून आत तेल लावले होते. डावी मूठ पहिल्या पावसापासून हातात फिरू लागली. गाडीवरच्या माणसाला धरायला दोनच मुठी असतात आणि त्यांतली एक फिरत असेल तर खड्ड्यात चाक गेल्यावर काय होते याचा अनुभव मी घेतलेला होता.

नाना पेठेत दुचाकीच्या सुट्या भागांची दुकाने दाटीने आहेत. पहिल्या दुकानात मिळालेला पाइप हुबेहूब दिसत होता, परंतु त्याला स्विचच्या डब्यांसाठीची भोके नव्हती. स्विचचा डबा दोन अर्धुकांचा असतो आणि तो हँडलभोवती स्क्रूंनी आवळला जातो. तो जागचा फिरू नये म्हणून त्याच्या आतल्या बाजूला एक लहानशी खुंटी असते आणि ती हँडलला पाडलेल्या भोकात बसते. दुकानदार म्हणाला, ‘‘भोक पाडून घ्या नाहीतर खुंटी छाटून टाका, सगळे तेच करतात.’’ खुंटी छाटली की डबा केवळ स्क्रूंच्या दाबावर उभा राहतो, आणि उजव्या डब्यातूनच ॲक्सिलरेटरची केबल आत येत असल्यामुळे तो डबा थोडा जरी फिरला तरी केबलचा ताण बदलतो. अंदाजाने भोक पाडणे हा त्याहून वाईट उपाय, कारण ते एका मिलिमीटरने चुकले तर डबा कायमचा तिरका. मी पाइप परत केला आणि तिसऱ्या दुकानात कंपनीचा, भोके असलेला पाइप मिळेपर्यंत फिरलो. तिथे ग्राहकाच्या बाकड्यावर रुंद, उंच, काळ्या रंगाची हौशी हँडलेही मांडलेली होती. ती लावायची तर केबल, ब्रेकची नळी आणि वायरींचे जुडगे या सगळ्यांची लांबी पुरते का हे आधी पाहावे लागते, आणि माझ्या वयाला व कामाला तो उद्योग झेपणारा नव्हता.

मुठींच्या बाबतीत एक गोष्ट मला घरी आल्यावरच कळली. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांच्या हँडलचा बाहेरचा व्यास सुमारे २२ मिलिमीटर, म्हणजे इंचाच्या भाषेत सात अष्टमांश इंच असतो आणि डावी मूठ थेट त्याच्यावर बसते. उजवी मूठ मात्र पाइपावर फिरणाऱ्या प्लॅस्टिकच्या नळीवर बसते, आणि त्या नळीचा व्यास सुमारे २५ मिलिमीटर असल्याने उजव्या मुठीचे भोक मोठे असते. पुडक्यात दोन्ही मुठी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. बोट आत घालून पाहिल्याशिवाय फरक लक्षात येत नाही, आणि चुकून उजवी मूठ डावीकडे चढवली तर ती कितीही डिंक लावला तरी फिरतच राहणार. पाइप आणि मुठी मिळून खर्च हजार रुपयांच्या आत झाला.

कामाला माझा अकरावीतला पुतण्या मदतीला होता. आम्ही टाकीवर जुनी गोधडी घडी करून घातली, कारण पाना हातातून सुटला तर तो टाकीवरच पडतो, आणि बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवली. मग पुतण्याने मोबाइलवर हँडलचे फोटो काढायला सुरुवात केली. चारपाच फोटो पुरे होतील असे मला वाटले होते. त्याने चाळीस काढले, वरून, खालून, हेडलाइटच्या मागून, हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून. मी त्याला हसलो, आणि पुढे त्याच चाळीसांपैकी दोन फोटोंनी माझ्या अडचणी सोडवल्या.

आरसे आधी काढले. होंडाच्या दोन्ही आरशांचे आटे नेहमीच्या दिशेचे असतात. यामाहाच्या गाड्यांत उजव्या आरशाचा आटा उलटा असतो, हे ठाऊक नसलेला माणूस तो काढताना अधिकच आवळत बसतो. हँडलच्या टोकांना स्क्रूने बसवलेली लोखंडी वजने असतात. पुष्कळ जण त्यांना शोभेची वस्तू समजतात. खरे पाहता टोकाला वजन आले की पाइपाच्या कंपनाचा वेग कमी होतो आणि इंजिनाची थरथर हाताला तितकी झोंबत नाही. पडताना डावे वजन घासून अर्धे झाले होते आणि त्याच्या स्क्रूची खाच चेपली होती. साध्या स्क्रू ड्रायव्हरने तो हलेना. खाचेत बरोबर मावणारे टोक घालून, मागून हातोडीचा एक ठोका देऊन मग पिळ दिला तेव्हा तो सुटला. ही युक्ती अण्णांची. ते खुर्ची टाकून अंगणात बसले होते आणि हाताने काहीही न करता बरेच काम करत होते.

जुन्या मुठी टाकूनच द्यायच्या होत्या, म्हणून डावी ब्लेडने लांबीत चिरून केळ्याच्या सालीसारखी सोलली. उजवीकडे मात्र ब्लेड वापरले नाही, कारण तिथे रबराखाली प्लॅस्टिकची नळी असते आणि तिला चरा पडला की तो पुढे तडा होतो. तिथे सायकलच्या चाकाची जुनी तार रबराखाली सरकवली, तिच्या कडेने पिचकारीने साबणाचे पाणी सोडले आणि तार गोल फिरवत नेली. दोन मिनिटांत मूठ सुटून हातात आली. साबणाचे पाणी काढताना चालते. घालताना ते वापरू नये, कारण ते आत अडकून राहते आणि मूठ कित्येक दिवस फिरत राहते.

स्विचच्या डब्यांचे स्क्रू खालच्या बाजूने येतात आणि माझ्या गाडीत दोन्ही स्क्रूंची लांबी वेगळी निघाली. लांब स्क्रू आखूडच्या जागी घालून आवळला तर तो डबा फोडतो, म्हणून पुठ्ठ्यावर हँडलची आकृती काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवला. क्लचची केबल सोडवताना लिव्हरजवळचे समायोजक आणि त्यामागचे नट फिरवून त्यांच्या खाचा लिव्हरच्या खाचेशी एका रेषेत आणल्या की केबलचे टोक आपोआप खाली उतरते. ॲक्सिलरेटरच्या केबललाही आधी तेथील समायोजकाने ढील दिली आणि मग प्लॅस्टिकच्या नळीच्या खोबणीतून तिचे टोक काढून घेतले.

डिस्क ब्रेकचे मास्टर सिलिंडर, म्हणजे लिव्हर दाबल्यावर ऑइल नळीतून चाकाकडे ढकलणारी हँडलवरची डबी, हा या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे, कारण ते सोडवायला दोनच बोल्ट आहेत आणि म्हणूनच माणूस निष्काळजी होतो. त्याच्या डोक्यावर ब्रेक ऑइलची लहान टाकी असते. ते काढून नळीवर लोंबकळत सोडले तर नळीच्या जोडाला पीळ बसतो, आणि टाकी आडवी झाली तर तळाच्या छिद्रातून हवा आत शिरते. ऑइलला दाबले तर ते दबत नाही, हवा दबते. म्हणून हवा शिरलेल्या ब्रेकचा लिव्हर बोटांना गुबगुबीत लागतो आणि चाक थांबत नाही. शिवाय हे ऑइल रंगावर पडले तर रंग उठवते, त्यामुळे शेजारी पाण्याची बादली भरून ठेवली होती. पुतण्याच्या हातात मास्टर सिलिंडर देऊन मी त्याला ते उभेच धरायला सांगितले. त्याने दहा मिनिटे ते निष्ठेने उभे धरले, मग त्याच्या खिशातला फोन वाजला.

वरच्या पकडींचे चार बोल्ट आळीपाळीने सैल करून पाइप बाहेर काढला आणि स्वयंपाकघरातल्या कडाप्प्याच्या ओट्यावर उपडा ठेवला. उजवे टोक ओट्याला टेकले, डावे करंगळीच्या जाडीइतके वर राहिले. म्हणजे गॅरेजवाल्याने मागे वाकलेला पाइप पुढे ओढताना खालीही वळवला होता. नवा पाइप त्याच्या शेजारी ठेवला तेव्हा तो दोन्ही टोकांनी टेकला. बायकोने ओटा पुसून घेतला आणि पुढच्या वेळी अंगणातली फरशी वापरा असे सांगितले.

नवा पाइप हातात घेऊन न्याहाळताना मला त्याच्यावर तीन बारीक ठिपके दिसले. टोकदार पंचने ठोकलेले, भिंगाशिवाय दिसतील इतपतच. आतापर्यंत गाडी चालवताना मी हँडल, लिव्हर, डबे यांच्या जागा म्हणजे बसवणाऱ्याची मर्जी असे समजत होतो. या ठिपक्यांनी कळले की प्रत्येकाची जागा कारखान्यातच ठरवून पाइपावर लिहून ठेवलेली आहे. मधला ठिपका खालच्या पकडीच्या वरच्या कडेशी जुळवायचा, म्हणजे हँडलचा कल बरोबर येतो. डावीकडचा ठिपका क्लच लिव्हरच्या पकडीच्या कडेसाठी आणि उजवीकडचा मास्टर सिलिंडरच्या पकडीच्या सांध्यासाठी असतो. पाइपाच्या मधोमध दोन ठिकाणी बारीक खरबरीत दाते पाडलेले असतात. ते पकडींखाली यायला हवेत, कारण हँडलला फिरण्यापासून तेच अडवतात.

वरच्या पकडींनाही एकेक ठिपका असतो, आणि तो पुढच्या बाजूला ठेवायचा असतो. मी हे पाहिले नाही. दोन्ही पकडी उलट्या ठेवल्या, चारही बोल्ट थोडेथोडे आवळत पुढच्या आणि मागच्या फटी सारख्या आणल्या आणि काम सुबक झाले म्हणून समाधान मानले. अण्णांनी पुतण्याकडून फोन मागवला, जुना फोटो मोठा करून माझ्यापुढे धरला आणि काहीही बोलले नाहीत. फोटोत पुढची फट जवळजवळ मिटलेली आणि मागची उघडी होती. या पकडी तशाच घडवलेल्या असतात: आधी पुढचे बोल्ट आवळून पुढचे तोंड मिटवायचे, मग मागचे आवळायचे आणि मागे राहील ती फट राहू द्यायची. दोन्हीकडे सारखी फट आणण्याचा हट्ट धरला तर पकड पाइपाला पूर्ण गोलाईने कवटाळत नाही आणि मागचे बोल्ट अधिक आवळून फट मिटवू गेले तर पकडीलाच तडा जाऊ शकतो. काही गाड्यांत फटी सारख्याच ठेवायच्या असतात, म्हणून आपल्या गाडीवर काय होते ते उघडण्यापूर्वी पाहणे भाग आहे. चारही बोल्ट पुन्हा काढले, ठिपके पुढे केले आणि या वेळी नियमाने आवळले. आठ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर इतका जोर पुरतो. टॉर्क पाना अण्णांकडे होता आणि त्याचा ‘टक्’ असा आवाज येताच हात थांबवायचा, असे त्यांनी बजावले होते. लांब दांड्याच्या पान्याने ‘आणखी थोडे’ म्हणत आवळणारे पुष्कळ आटे खातात.

मास्टर सिलिंडरच्या पकडीवर ‘वर’ (UP) अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे कोरलेली असतात. ती वर ठेवून, सांधा ठिपक्याशी जुळवून, वरचा बोल्ट आधी आणि खालचा नंतर आवळला. लिव्हर दाबला आणि तो गुबगुबीत लागला. पुतण्याचा फोन. त्याने जीभ चावली आणि म्हणाला, ‘‘काका, मी अगदी एकाच हातानं उचलला हो.’’ नशिबाने हवा नळीत खोल गेली नव्हती. टाकी समतल राहील असे हँडल वळवून, भोवती फडके गुंडाळून झाकण उघडले आणि लिव्हर अगदी थोडा, अर्धा सेंटीमीटर, पुन्हा पुन्हा दाबून सोडत राहिलो. मधूनमधून नळीवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने टिचक्या मारल्या. तळाच्या छिद्रातून मोहरीएवढे बुडबुडे वर येऊ लागले. पंधरा मिनिटांनी ते थांबले आणि लिव्हर पूर्वीसारखा कडक झाला. तो झाला नसता तर खालच्या कॅलिपरच्या, म्हणजे चाकाजवळ डिस्कला आवळणाऱ्या भागाच्या, निपलमधून हवा काढावी लागली असती, आणि त्याशिवाय गाडी फाटकाबाहेर नेता आली नसती. झाकणावर लिहिलेल्या प्रतीचेच ऑइल थोडे भरून ते बंद केले.

यानंतर मुठी. रबर चिकटवण्याचा एक डिंक घरात होता आणि त्याच्या नळीवर दोन्ही पृष्ठभागांना लावून दहा मिनिटे सुकू द्यावा आणि मग जोडावे, असे छापले होते. मी आज्ञाधारकपणे डावीकडच्या पाइपाला स्पिरिटने पुसले, पाइपाला आणि मुठीच्या आत डिंक लावला, घड्याळ लावून दहा मिनिटे थांबलो आणि मूठ सरकवली. ती निम्म्यावर जाऊन अशी चिकटली की पुढेही जाईना आणि मागेही येईना. ती सूचना चपलेचा तळ चिकटवणाऱ्यासाठी होती, जिथे दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले की काम होते. मुठीला पाच बोटे अंतर सरकत जायचे असते, म्हणून डिंक ओला असतानाच तिला पोचायला हवे. नवीकोरी मूठ ब्लेडने कापली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नाना पेठ. मुठी सुट्या मिळत नसल्याने एक उजवी मूठ आता माझ्याकडे शिल्लक आहे, कुणाला हवी असल्यास.

दुसऱ्या खेपेला मुठींसाठीचाच, सावकाश सुकणारा डिंक आणला. आत पातळ थर दिला, तीनचार मिनिटे थांबलो, मूठ थोडी गोल फिरवत एका दमात टोकापर्यंत नेली आणि नक्षीची रेघ बरोबर आल्यावर हात काढून घेतला. तासभर तिला कोणी हात लावला नाही. उजवीकडे आधी पाइपाचे टोक आणि नळीचा आतला भाग कोरडा पुसला, केबलच्या टोकाला आणि खोबणीला बोटाच्या अग्राएवढे ग्रीस लावले, डब्याची खुंटी भोकात बसल्याची खात्री करून पुढचा स्क्रू आधी आणि मागचा नंतर आवळला. उजव्या मुठीची आतली कड डब्याला आणि बाहेरची कड टोकाच्या वजनाला घासता कामा नये; दोन्हीकडे दीड-दोन मिलिमीटरची जागा सोडावी लागते. ती घासली तर ॲक्सिलरेटर सोडल्यावर मूठ मागे फिरताना अडकते आणि अडकलेला ॲक्सिलरेटर काय करतो हे सांगायला नको. मी मूठ पूर्ण फिरवून अचानक सोडली. ती खटकन परत आली. हँडल एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळवून तेच केले, दोन्हीकडे खटका आला, आणि मी काम संपले असे जाहीर केले.

अण्णा म्हणाले, ‘‘इंजिन चालू कर, आणि हँडल सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरव.’’

बॅटरीची तार जोडली, गाडी सुरू केली, ती गरम होऊन मंद चालू लागेपर्यंत थांबलो. उजवीकडे वळवले, आवाज तसाच. डावीकडे वळवत नेले, आणि शेवटच्या वीतभर अंतरात इंजिन आपोआप रेस घेऊ लागले, जणू कोणी मूठ पिळत होते. माझा हात मुठीला लागलेलाही नव्हता. हँडल डावीकडे वळले की उजवी मूठ पुढे जाते आणि तिच्यासोबत केबलही ओढली जाते. केबलला पुरेशी ढील आणि सरळ वाट नसेल तर तो ओढा कार्ब्युरेटरपर्यंत पोचतो. रस्त्यावर हे केव्हा कळले असते तर अरुंद गल्लीत गाडी पूर्ण डावीकडे वळवून मागे फिरताना, म्हणजे तोल सर्वांत कच्चा असताना. समायोजकाने ढील वाढवून पाहिली तर रेस कमी झाली, पण गेली नाही. मग चाळीस फोटो एकेक करून पाहिले. बत्तिसाव्यात, हेडलाइटच्या मागून काढलेल्या फोटोत, केबल वायरींच्या जुडग्याच्या आतल्या बाजूने, म्हणजे दांड्याच्या जवळून जात होती; मी ती जुडग्याबाहेरून आणली होती. फरक दोन बोटांचा होता. केबल काढून पुन्हा आतून ओवली, पट्टी बांधली, आणि हँडल कुठेही नेले तरी इंजिनाचा सूर बदलला नाही. मुठीच्या कडेवर मोजून चार मिलिमीटरची ढील ठेवली. दोन ते सहा मिलिमीटर ही माझ्या गाडीच्या पुस्तिकेतली मर्यादा. क्लच लिव्हरच्या टोकाला ती दहा ते वीस मिलिमीटर असते. तीही तेवढी केली.

लिव्हरांचा कल मात्र केवळ ठिपक्यावर सोडला नाही. गाडीवर बसून हात नेहमीप्रमाणे ठेवला आणि बोटे लिव्हरवर टाकली, तेव्हा कोपरापासून बोटांपर्यंत एक रेघ यायला हवी. मनगट वर मुडपावे लागले तर तासाभरात दुखते. क्लचची पकड ठिपक्यापासून किंचित, केसभर, खाली घेतली. हॉर्न, इंडिकेटर, डिपर, स्टार्टर आणि दोन्ही ब्रेकांनी लागणारा मागचा दिवा, हे सगळे एकदा तपासले. पुढचा ब्रेक दाबल्यावर दिवा लागेना, कारण मास्टर सिलिंडरखालच्या स्विचची एक पिन निसटली होती. ती खोचली.

संध्याकाळी गल्लीत पायी चालण्याच्या वेगाने दोन फेऱ्या मारल्या, पुढचा ब्रेक हलका आणि मग जोरात दाबून पाहिला. सरळ बसल्यावर दोन्ही खांदे एका रेषेत आले आणि ते इतके वेगळे वाटले की सुरुवातीला गाडीच उजवीकडे ओढते आहे असा भास झाला. चार महिने वाकडे बसण्याची सवय जायला आठवडा लागला. आठवड्याने, साधारण शंभर किलोमीटर झाल्यावर, चारही बोल्टांवर पुन्हा टॉर्क पाना लावला. तिघांनी लगेच ‘टक्’ केले, मागचा डावा पाव फेरा फिरून मग थांबला. मुठींवर टेपचा तुकडा लावून पाइपापर्यंत पेनने रेघ ओढून ठेवली होती, म्हणजे मूठ फिरली तर रेघ तुटेल. दिवाळी जाऊन आता दुसरा पावसाळा आला आहे आणि रेघ अजून अखंड आहे. जुना पाइप अण्णांनी मागून घेतला आणि करवतीने बाकाशीच कापून पाहिला. आतल्या बाजूलाही ती तपकिरी रेघ होती, नळीच्या जाडीच्या निम्म्याहून आत शिरलेली.